डब्यातले गुलोजी

गुलोजी डब्यात मावेनात. फेट्याचा तुरा झाकणाला अडत होता. मी त्यांना आडवं केलं, मग तिरपं केलं, मग मनातल्या मनात माफी मागून झाकण जोरात दाबलं. कट्‌ असा बारीक आवाज झाला. तुरा मोडून बाहेर पडला आणि फरशीवरून गडगडत कुठंतरी गेला.

मी शोधायला वाकले आणि तशीच थिजले. मागच्या पडवीत मी एकटी नव्हते. कोपऱ्यातल्या खाटेवर फुवा आडवे झाले होते. तोंडावर रुमाल, पोटावर हात. रुमाल श्वासाबरोबर वर उचलला जायचा, पुन्हा खाली बसायचा. अश्विनातली दुपार होती. जिनिंगच्या कारखान्यातून उडालेला कापूस जाळीतून आत येत होता आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहत होता, खाली पडायचं विसरल्यासारखा. त्यातला एक पुंजका फुवांच्या रुमालावर उतरला. ते हलले नाहीत. झोपलेत, असं मी ठरवून टाकलं, डबा फळीवर ठेवला आणि पसार झाले. तुरा राहिला तिथंच.

हे मी सातवीत असतानाचं. आता दहावीत आहे, आणि शाळेत कार्यक्रम असला की हर्षालीच्या, म्हणजे माझ्या, हातातून माइक काढून घ्यायचा कसा, एवढीच काळजी बाईंना असते. पण तेव्हा मी हजेरीला 'हजर' म्हटलेलं पुढच्या बाकापर्यंतही पोचायचं नाही. बाई दोनदा नाव घ्यायच्या आणि मग स्वतःच वर बघून खात्री करायच्या.

फुई म्हणजे आत्या. आमच्या खानदेशात असंच म्हणतात, आणि फुईचा नवरा तो फुवा. माझ्या फुईचं नाव गुलाब. आमचं गाव सुरतच्या रेल्वेलाइनवरचं, एवढंसं, पण तिथं गुलाबाया तीन. पहिली मातीची. भाद्रपदातल्या पौर्णिमेला गुलाबाई आणि गुलोजींची जोडी कुंभाराकडून आणायची, कोनाड्यात बसवायची आणि महिनाभर रोज संध्याकाळी मुलींनी तिच्यापुढं गाणी म्हणायची. दुसरी तसबिरीतली. आमच्या शाळेला जागा देणाऱ्या गुलाबबाई, त्या केव्हाच वारल्या. भली मोठी नथ घालून ऑफिसातल्या भिंतीवरून बघत असतात. आणि त्यांच्या बरोब्बर खाली तिसरी, माझी फुई. खो-खोच्या चड्डी-बनियनमध्ये, हातात ढाल, गुडघ्याला पट्टी. ती शाळेची कप्तान होती, राज्यापर्यंत खेळून आली होती. पाचवीत नवीन आलेल्या मुलींचा हमखास गोंधळ व्हायचा. मी तर बालवाडीत असताना त्या फोटोला हात जोडले होते. मला वाटायचं, आपण घरी जिची गाणी म्हणतो ती हीच. देवी असून गुडघा कसा फुटला, एवढंच कोडं पडायचं.

लग्न होऊन फुई सुरतला गेली. फुवा तिकडं कापडाच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करायचे. एक खोली, आणि त्या खोलीत फुवांची म्हातारी आई. गुलाबाईच्या दिवसांत फुई चार दिवस यायची, म्हणून गल्लीत तिला गुलाबाईच म्हणत. त्या वर्षी मात्र चार दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना व्हायला आला. झालं असं, की आमच्या खेळाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि मोठ्या बाईंनी फुईला विचारलं, दिवाळीनंतर जिल्ह्याचे सामने आहेत, तोवर पोरींना शिकवशील का. फुईनं कुणाला न विचारता हो म्हणून टाकलं. तिथून सुरतचे फोन सुरू झाले. पप्पा फोन घेऊन अंगणात जायचे आणि आत आले की कुणाशीच बोलायचे नाहीत.

मला टीममध्ये घेतलं ते फुईनंच. मी पळायचे बरी, पण 'खो' द्यायची वेळ आली की ओठ हलायचे फक्त. खो-खोत पाठलाग करणारीनं बसलेलीच्या पाठीला हात लावून मोठ्यानं 'खो' म्हणायचं असतं. ती उठून पळते आणि आपण तिच्या जागी बसायचं. खो ऐकू आला नाही तर फाउल.

"कुणाला सांगते आहेस?" फुईनं मला बाजूला घेऊन विचारलं.

"पुढचीला."

"तिच्या पाठीला कान आहेत का? पोटातून काढ. तू आता थांबणारेस आणि ती पळणारे, हे तिला कळायला नको?"

मैदान रेल्वेलाइनला लागून. फुई मला तारेच्या कुंपणाशी उभी करायची आणि मालगाडी आली की म्हणायची, हिच्या वर आवाज काढ. रोज संध्याकाळी मी मालगाडीवर ओरडायचे. सुरुवातीला डब्यांच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू यायचं नाही. मग एके दिवशी गार्ड वळून बघायला लागला.

आणि अशाच एका संध्याकाळी, कोजागिरीला दोन दिवस असताना, मला फुवा दिसले. स्टेशनवरून रुळाच्या कडेनं चालत आले असणार. हातात रेग्झिनची बॅग, आणि शाळेच्या भिंतीला टेकून ते मैदानाकडं बघत होते. फुई आम्हाला खांबावर सूर कसा मारायचा ते दाखवत होती. पदर खोचलेला. पळत आली, हवेत आडवी झाली, एका हातानं खांब धरून गिरकी घेतली आणि पुन्हा जमिनीवर. मावळतीचं ऊन, तिच्या पायाखालून उठलेली धूळ, वर तरंगणारा कापूस. मला वाटलं, ती क्षणभर खालीच आली नाही. फुवांनी बॅग खाली ठेवली होती. सराव संपेपर्यंत ते तिथंच होते. मग आम्ही निघायच्या आधी, आम्हाला न भेटता, पुढं घरी जाऊन बसले, आणि आम्ही पोचलो तेव्हा आत्ताच आलो असं म्हणाले.

त्या रात्री जेवताना पप्पांनी विषय काढला. परवा सकाळच्या गाडीनं दोघं निघा, म्हणाले. कोजागिरीला गल्लीतल्या सगळ्या गुलाबाया जातात, लेकही गेलेली बरी. सामन्यांचं मोठ्या बाई बघून घेतील. मम्मीनंही होकाराची मान हलवली. समोरच्या मथुराकाकूंचे टोमणे तिलाच ऐकावे लागायचे ना. फुई भाकरी थापत होती. तिनं ती इतका वेळ थापली की पार पातळ झाली.

"बघू," फुवा म्हणाले. ते बहुतेक गोष्टींना बघूच म्हणायचे.

फुई गेली की माझा आवाज पुन्हा दप्तरात जाणार, याची मला खात्री होती. रात्रभर कोनाड्यातल्या जोडीकडं बघत पडले. गुलाबाई ही माहेरी आलेली लेक. महिना सरला की गुलोजी तिला न्यायला येतात, म्हणून तर कोजागिरीला दोघांना मिळून पाण्यात सोडायचं. तेव्हा मला सुचलं. गुलोजीच नसतील तर ती जाणार कुणाबरोबर? एकट्या गुलाबाईला पाण्यात सोडायला गल्लीत कुणी धजणार नाही. आणि मातीची थांबली तर आमचीही थांबेल. सातवीतल्या मुलीच्या डोक्याला एवढा हिशेब पुरतो.

लपवायची जागाही ठरलेली होती. रोज गाणी झाली की ज्या घरी गाणी असतात तिथला खाऊ बंद डब्यातून बाहेर येतो आणि बाकीच्यांनी तो ओळखायचा असतो. म्हणून त्या डब्याला कुणी आधी हात लावत नाही. शेवटची पाळी आमच्याकडं होती. मम्मीनं सकाळी तिखट शंकरपाळे तळून डबा भरून ठेवला होता. मी शंकरपाळे दप्तरात ओतले आणि गुलोजींना डब्यात घातलं. संध्याकाळपर्यंत खाऊ दुसऱ्या डब्यात भरून ठेवीन आणि हा माळ्यावर टाकीन, असा बेत होता. पण शाळेतून बोलावणं आलं, मैदानावर चुना टाकायला जावं लागलं, आणि परत आले तर ओट्यावर सतरंजी अंथरलेली, मुली टिपऱ्या घेऊन बसलेल्या, आणि सतरंजीच्या मधोमध तोच डबा. मम्मीनं स्वतः आणून ठेवलेला.

कोनाड्यात गुलोजी नाहीत, हे एव्हाना जागृतीनं सगळ्यांना सांगून झालं होतं. जागृती आमच्या गल्लीची पुढारी. मांजरानं पाडले असतील, कुणी म्हणालं. असू दे, गाणी तर म्हणा, फुई म्हणाली, आणि आम्ही सुरू केलं.

गुलाबाई आली गं माहेराला,
अंगणी कापूस तिच्या स्वागताला,
एक पुंजका वेणीत माळला,
एक पुंजका वाऱ्याला दिला...

टिपऱ्यांचा ठेका, जवळजवळ पुरता चंद्र, चुलीचा धूर, आणि त्या सगळ्यात डबा. मला दुसरं काही दिसतच नव्हतं. फक्त डबा दिसत होता.

गाणी संपली आणि मथुराकाकू समोरच्या ओट्यावरून म्हणाल्या, "काय वं गुलाब, जवाई लेवाले उना ना? आता तरी जाशील." जावई न्यायला आलाय हे साऱ्या गल्लीला माहीत असूनही त्यांना विचारायचं होतं. बायका हसल्या. जागृतीला जोर आला. फुवा, गुलाबाईला न्यायला आलात तर आधी खाऊ ओळखून दाखवा, म्हणाली. फुवा खुर्चीवर संकोचून बसले होते. चप्पल पायात होती तरी पुन्हा पुन्हा घालत होते.

तेवढ्यात फुई बोलली. सहज बोलावं तशी, टिपऱ्या गोळा करत.

"ओळखा ना. ओळखलात तर उद्या सकाळच्या गाडीनं मी तुमच्याबरोबर. नाही ओळखलात, तर सामने होईपर्यंत मी इथं."

कुणी हसलं नाही. पप्पा दारातून पुढं झाले, हा काय पोरखेळ चाललाय म्हणून.

"राहू द्या, दादा," फुवा म्हणाले. "चालेल मला. कितीदा ओळखायचं?"

"तीन," जागृती म्हणाली. "आणि खरं-खोटं हर्षाली सांगणार. घर तिचं आहे."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. माझ्या पोटात मालगाडी सुरू झाली.

फुवांनी डबा उचलला, कानाशी नेऊन हलवला. आत धप्‌ धप्‌ वाजलं. मम्मीच्या कपाळावर आठी आली, पण ती फुवांकडं बघून हळूच म्हणाली, "सकाळपासून वास तर येतच असेल, भाऊ." मदत करत होती. नणंद नकोशी झाली होती म्हणून नाही. गल्लीची तोंडं मिटावीत म्हणून.

"तिखट शंकरपाळे," फुवा म्हणाले.

मम्मीनं टाळी वाजवली. मथुराकाकू 'घ्या, ओळखलं' म्हणाल्या. फुईनं टिपऱ्या खाली ठेवल्या. अगदी आवाज न करता.

"नाही," मी म्हटलं.

"काय म्हणाली?" जागृती म्हणाली. "ऐकू नाही आलं."

"अगं नाही काय, मी स्वतः भरलेत," मम्मी म्हणाली.

"नाही."

"हर्षू, खोटं बोलायचं नसतं हं."

मी फुईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. मैदानावर खो यायची वाट बघत मुली बसतात तशी बसली होती, उकिडवी, पाठ सरळ. आणि पोटातली मालगाडी बाहेर आली.

"नाही. डब्यात शंकरपाळे नाहीत."

मथुराकाकूंच्या ओट्यावरचं मांजर उठून गेलं. पप्पा माझ्याकडं असे बघत राहिले जणू हा आवाज शेजारच्या घरातून आला. फुवांनी मान डोलावली, जणू तेही हेच म्हणणार होते. डबा पुन्हा हलवला.

"मग कलिंगड."

सगळ्या मुली फिस्सकन हसल्या. अश्विनात, तेही वीतभर डब्यात. मला फुवांची जरा दयाच आली. मशिनी कशा दुरुस्त करतात हे, असं वाटून गेलं.

"नाही," मी म्हटलं. आता मजा यायला लागली होती.

तिसऱ्या वेळी त्यांनी डबा हलवला नाही. मांडीवर घेऊन नुसते बसले. फुईकडं बघितलं, मग कोनाड्याकडं, जिथं गुलाबाई एकटीच बसली होती. चंद्र पत्र्यावर चढला होता आणि त्याच्यापुढून कापसाचा एकच पुंजका संथ चालला होता. सगळी गल्ली त्याच्याबरोबर थांबली आहे असं वाटत होतं.

"नाही बुवा," फुवा म्हणाले. "हरलो."

डबा उघडावाच लागला. तुरा मोडलेले गुलोजी बाहेर आले, तेव्हा फुई इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. जागृती भडकली. हा खाऊ नाही, ही लबाडी आहे, पैज रद्द, असं तिनं जाहीर केलं. पप्पांनीही मान हलवली आणि माझ्या दिशेनं एक पाऊल टाकलं.

"डब्यात काय आहे ते ओळखायचं होतं," फुवा खुर्चीवरून उठत म्हणाले. "मला नाही आलं. हरलो म्हणजे हरलो." त्यांनी माझ्या हातून गुलोजींना घेतलं आणि कोनाड्यात गुलाबाईशेजारी बसवलं. मग मला शंकरपाळ्यांचा पत्ता विचारला. आम्ही ते दप्तरातून काढून खाल्ले. त्यांना पेन्सिलच्या भुशाची चव होती.

एवढं जिंकूनही रात्री फुईला चैन पडेना. माणूस एवढ्या लांबून आला, चार लोकांत त्याचं हसं झालं, आणि आता आईला जाऊन काय सांगणार, असं मम्मीला म्हणाली. सकाळी तिनं त्यांना डबा बांधून दिला, पण दारापर्यंत आली नाही. मागच्या अंगणात सडा टाकत बसली.

पप्पा मोटरसायकल काढत होते. फुवांनी मला गल्लीच्या तोंडाशी बोलावलं आणि शर्टाच्या खिशातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

मातीचा तुरा.

"खाटेखाली आला होता," ते म्हणाले. "फेविकॉलनं चिकटेल."

मी तुऱ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "तुम्ही जागे होता?"

"रुमाल पातळ होता."

"मग कलिंगड का म्हणालात?"

ते बॅगेचा पट्टा नीट करत राहिले. मला वाटलं, बघू म्हणतील.

"चार वर्षं झाली लग्नाला," ते म्हणाले. "तिकडं नळ जायची वेळ झाली की ती पळते. हातात हंडा घेऊन. मी तेवढंच पळणं बघितलेलं. परवा मैदानावर बघितलं." आणि मोटरसायकलवर बसता बसता म्हणाले, "आईला सांगेन, हरलो म्हणून. पैजेला ती मानते."

मी घरातून मागच्या अंगणात पळत गेले. फुई रांगोळीचा डबा घेऊन उकिडवी बसली होती, माझ्याकडं पाठ करून. मी तिच्या पाठीला हात लावला आणि तुरा तिच्या हातात दिला. धाप लागलेली, शब्द एकमेकांवर चढत होते, पण सगळं सांगितलं. खाट, रुमाल, हंडा, परवाचं मैदान. ती तुऱ्याकडं बघत तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं लांब रेल्वे फाटकाची घंटा वाजायला लागली. फाटक पडतंय, म्हणजे गाडी स्टेशनातून सुटत आली.

फुई उठली आणि पळाली.

अनवाणी, रांगोळीच्या हातानं, पुढच्या दारानं, गल्लीतून. मथुराकाकू दात घासत होत्या, त्यांचा ब्रश तोंडातच राहिला. मी मागून. जागृतीच्या घरावरून, जिनिंगच्या भिंतीकडेनं, शाळेच्या फाटकातून थेट मैदानावर. गाडी नुकती वेग घेत होती. सकाळचं कोवळं धुकं आणि जिनिंगचा कापूस एकमेकांत मिसळले होते, आणि त्यातून एकेक निळा डबा झोपेतून उठल्यासारखा बाहेर येत होता. एका दारात फुवा उभे होते. ती येईल असं त्यांना वाटलंही नसेल, पण त्यांनी बघितलं, कारण ते दाराचा दांडा धरून पुढं वाकले.

फुई कुंपणाच्या कडेनं गाडीबरोबर पळत होती. या खांबापासून त्या खांबापर्यंत, आदल्या दिवशी टाकलेल्या चुन्याच्या रेघा ओलांडत, मूठ वर धरून. मुठीत तुरा होता. फुवांनी एक हात कानाशी नेला आणि न दिसणारा डबा हलवला, खुळखुळ, खुळखुळ, आणि मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं.

"कलिंगड!" फुई ओरडली. गाडीच्या वर.

गाडी वळणावर गेली, कापूस पुन्हा खाली उतरायला लागला, तरी ती थांबली नाही. शेवटच्या खांबाशी पोचली, हवेत आडवी झाली, आणि गिरकी घेऊन माझ्याकडं परत पळत आली.